दसऱ्याची गाडी दिवाळीत घाटात घालण्याआधी

दसऱ्याच्या मुहूर्तावर ज्यांनी जुनी, भरपूर रनिंग झालेली गाडी घेतली आणि दिवाळीला तीच घेऊन गावी निघायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे आवाहन. दसरा ते लक्ष्मीपूजन मध्ये जेमतेम वीस दिवस मिळतात. त्यातले दोन दिवस गाडी गॅरेजला द्या. आमच्याकडेच आणा असं नाही, ओळखीचा कोणीही चांगला मेकॅनिक चालेल. पण पेढे वाटून झाले की बायकापोरांना बसवून थेट कुंभार्ली, आंबा नाहीतर ताम्हिणी घाट गाठू नका.

जुनी गाडी घेण्यात वावगं काहीच नाही. नीट राखलेली सव्वा लाख किलोमीटरची गाडी हेळसांड झालेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा कधीही बरी. गोम वेगळीच असते. विकणारा म्हणतो, "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय, वर्षभर बघायला नको." बिल मागितलं की ते घरी राहिलेलं असतं. आमच्या धंद्यात सरळ हिशेब आहे: बिल नाही, तर काम झालेलं नाही. मीटरच्या आकड्यालाही तोच हिशेब लावा. मीटर मागे फिरवून देणारे आहेत आणि डिजिटल मीटरही त्यांच्या हातून सुटलेले नाहीत. मीटर पन्नास हजार दाखवतंय, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि स्टेअरिंग चकाकतंय, तर पेडलचं खरं माना. गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर तिथे मागच्या नोंदी विचारून बघा. किती किलोमीटरला काय बदललं, हे त्यात उघड होतं.

नोंदी सापडल्या नाहीत तर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदा सरसकट बदला आणि त्या तारखेपासून स्वतःची वही सुरू करा. ऑइलची ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच घाला. 'रनिंग जास्त झालंय, जाड ऑइल टाका' हा सल्ला फुकट मिळतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याच लायकीचा असतो. विकायच्या आधी जाड ऑइल ओतून इंजिनाची खडखड आणि धूर दाबायची युक्ती जुनीच आहे. योग्य ऑइल घातल्यावर इंजिन खरं काय बोलतं, ते घराजवळच कळलेलं बरं. डिझेल गाडीचं ऑइल लगेच काळं पडतं, त्याने घाबरू नका. मात्र ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल आणि त्याच वेळी कूलंटही कमी होत असेल, तर गाडी जागेवरून हलवू नका. पाणी ऑइलमध्ये जात असण्याची दाट शक्यता आहे.

आता घाट. कराडकडून कुंभार्ली उतरून पोफळीला येणाऱ्या गाडीची परीक्षा ब्रेकची असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. उतारावर सतत पाय ब्रेकवर असला की चाकापाशी प्रचंड उष्णता साठते, ऑइलला बुडबुडे येतात आणि पेडल सरळ तळाला जातं. ब्रेक पॅड नवेकोरे असले तरी हे घडतं. शहरात ही गाडी कधी त्रास देणार नाही, म्हणून मालक निर्धास्त असतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि जुन्या गाडीत ते कोणीच बदललेलं नसतं, असं धरून चाला.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ट्रकवाल्यांची शिकवण आजही तंतोतंत लागू आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांनी एवढं ऐकावं: हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असेल, तर उतारावर इंजिन इंधन घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे जोखीम घेऊन वर पैसेही जातात. चावीच बंद करणारे महाभाग तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही गमावतात.

परतीच्या चढावर कूलंटचा कस लागतो. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरून वर्षं काढलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. झाकण उघडलं की आत तांबूस गाळ. पंखा, होज पाइपची फुगवटी, थर्मोस्टॅट बघून घ्या. काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही, हात-तोंड भाजून घेतलेली माणसं बघितली आहेत. आणि हो, पूजेचा झेंडूचा जाडजूड हार समोरच्या जाळीवरून आता काढा. तिथून हवा आत जायची असते.

टायमिंग बेल्टचं विचारायला बहुतेक जण विसरतात. स्विफ्टच्या १.३ डिझेल इंजिनाला चेन आहे, पण जुनी सँट्रो, जुनी अल्टो, डस्टर डिझेल यांना बेल्ट असतो. बेल्टला किलोमीटरची आणि वर्षांची अशी दोन्ही मुदत असते. तो तुटताना आगाऊ सूचना बहुधा देत नाही. डस्टरसारख्या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि निम्म्या इंजिनाचं काम निघतं. केव्हा बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदलायचाच. टायरचंही वय बघा: बाजूवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून जुनाट, तडकलेल्या टायरवर भर वेगात जाऊ नका. डिकीतली स्टेपनी तर हमखास सर्वांत म्हातारी असते.

इंधनाबाबत सध्या गोंधळ फार आहे. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या तेवढं धरून बनवलेल्या नाहीत. म्हणून गाडी उद्याच बंद पडेल असं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असल्याने मायलेज थोडं घटणारच. खरी काळजी रबराची आहे. इंधनाच्या नळ्या, सील, गॅस्केट जुने असतील तर ते लवकर खराब होतात. बॉनेट उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा नळीला भेगा असतील, तर नळी आधी बदला, हे काम दिवाळीनंतरवर टाकू नका. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा विकणाऱ्याच्या आवारात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलेलं बरं. महागड्या पेट्रोलने झिजलेलं इंजिन बरं होत नाही. गाडी सारखी रिझर्व्हवर चालवू नका, टाकीतला पंप इंधनानेच थंड राहतो. आणि घरात आजवर पेट्रोलचीच गाडी असेल, तर डिझेल गाडीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात 'डिझेल' लिहा. चुकून पेट्रोल भरलं गेलंच तर चावीला हात लावू नका, टाकी रिकामी करून घ्या.

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रोटेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र आणि आरसी बुकावरची नोंद दोन्ही तपासा.

ऐन वसुबारसेला गाडी घेऊन दारात उभे राहू नका. त्या आठवड्यात पोरं सुट्टीवर, पार्टसची दुकानं अर्धवट उघडी. काही गाड्यांचा टायमिंग बेल्टचा सेट पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो आणि यायला चार-पाच दिवस जातात. आज फोन करा, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, म्हणजे सामान वेळेत मागवता येईल.