आराखड्याची पहिली रेघ कोणाची?

नव्या नगराचे भवितव्य त्याची पहिली वीट बसण्यापूर्वीच ठरलेले असते. कोऱ्या नकाशावर पहिली रेघ महामार्गाची मारायची की ओढ्याची, हा प्रश्न ज्या दिवशी बंद दाराआड सुटतो, त्याच दिवशी पुढील कित्येक पिढ्यांत कोणाच्या घरात पाणी शिरणार आणि कोणाच्या घागरी कोरड्या राहणार, याचाही निकाल लागतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर मुलखावर ‘तिसरी मुंबई’ वसविण्यासाठी शासनाने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक केली. म्हणून हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. उद्या विचारून उपयोग नाही.

अशा योजनांच्या घोषणांत ‘शाश्वत’, ‘हरित’ या विशेषणांची रेलचेल असते. परंतु विशेषणे आणि अग्रक्रम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्याकडील क्रम असा की प्रथम रस्ते व चटईक्षेत्र ठरते, मग जमिनीच्या विक्रीतून किती पैसा उभा राहील याचा हिशेब होतो आणि उरलेल्या तुकड्यांना हिरवा रंग फासला जातो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ अन्वये जनतेच्या हरकती मागविल्या जातात त्या प्रारूप आराखडा तयार झाल्यावर. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना एकेका प्रकल्पाला लागू होते, संबंध नगराच्या आराखड्याला नाही. म्हणजे निर्णय आधी आणि विचार मागाहून!

याचे फळ काय, हे पाहण्यास दूर जावयास नको. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडील नगराची कल्पना मांडली, ती मुंबईचा भार हलका व्हावा म्हणून. राज्यकारभाराची कार्यालये तिकडे न्यावीत, हा तिचा गाभा होता. १९७० साली सिडको स्थापन झाली. पण मंत्रालय जागचे हलले नाही. उलट त्याच दशकात समुद्र बुजवून नरिमन पॉइंटला मनोरे चढले. शासनाने आपला पहिला अग्रक्रम स्वतःच मोडला, कारण समुद्रातून काढलेल्या जमिनीचा भाव मोठा होता.

त्या आराखड्यात एक शहाणपण मात्र होते. भरतीच्या पातळीखालील सखल भूमीसाठी धारण तलाव आणि त्यांना झडपा योजिल्या होत्या. भरतीत झडपा बंद, पावसाचे पाणी तलावात, ओहोटीत पाणी खाडीकडे. आगरी शेतकरी खारभूमीच्या बांधावरील उघाडीने पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला होता. पण ज्या नगराचा खर्च भूखंड विकून भागवायचा, तेथे पाणी साठविणाऱ्या मोकळ्या जागेचा कैवार कोण घेणार? तलाव गाळाने भरले, त्यांत कांदळवन माजले, आणि मुसळधार पाऊस व भरती एकत्र आली की सखल वस्त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरावांनी आक्रसलेल्या मिठी नदीने मुंबईला हाच धडा दिला होता. तरीही पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि नदीचा प्रवाह वळविला गेला.

जी गत पाण्याची, तीच माणसांची. भूमिपुत्रांचा हक्क पहिल्या आराखड्यात नव्हता. म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच आंदोलक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, आणि त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. जे पहिल्या कागदावर लिहिता आले असते, ते रक्ताने लिहवून घ्यावे लागले.

यावर नियोजनकार म्हणतील, ‘शहरे वाढणारच, तुम्ही विकासाचे विरोधक आहात.’ शहरे वाढणार, हे आम्हांसही मान्य आहे. श्रमिकाला घर हवे, कामाच्या जागी जाण्यास स्वस्त वाहन हवे. आणि ते विखुरलेल्या बंगल्यांनी नव्हे, सुनियोजित नगरानेच मिळेल. आमचे भांडण क्रमाशी आहे. ‘पर्यावरण हे सुखवस्तूंचे चोचले’ असे म्हणणाऱ्या आपल्याच काही मित्रांनाही सांगावेसे वाटते की, पुराचे पाणी प्रथम चाळीत आणि झोपडीतच शिरते.

म्हणून पहिली रेघ मारण्यापूर्वी चार गोष्टी ठरल्या पाहिजेत. एक, पाणी कोठून येणार आणि कोणाच्या वाट्याचे. पेणच्या हेटवणे धरणाचे पाणी शहराच्या नळांना पोहोचले, कालव्यांची कामे मात्र वर्षानुवर्षे रखडली; हा अन्याय पुन्हा नको. दोन, खाडी, कांदळवन, खारजमीन, ओढे आणि टेकड्या नकाशावर आधी आखून त्यांना कायमचे अविक्रेय ठरवावे. तीन, कष्टकऱ्यांची घरे आणि रेल्वे-बसचे मार्ग महामार्गांच्या आधी आखावेत. चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्रामसभांचा कौल आराखड्यापूर्वी घ्यावा. हे अशक्य नाही. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शासनानेच मतदान घेतले होते. मग नगरासाठी का नको?

ज्या चिरनेरचे नाव या नव्या नगराच्या सरकारी नामावलीत गोवले गेले आहे, त्या गावाने १९३० साली जंगलावरील आपल्या हक्कासाठी गोळ्या झेलल्या. त्या मातीवर पहिली रेघ मारण्याचा अधिकार दलालांच्या सोयीने चालणाऱ्या कचेरीचा नाही. ती रेघ तेथील शेतकऱ्याने, कोळ्याने, आदिवासीने आणि उद्या तेथे राबणाऱ्या कामगाराने मारावी. नकाशा अजून बराचसा कोरा आहे. तो कोरा आहे तोवरच आवाज उठविला पाहिजे.