निकाल नंतर पाठवतो

गेल्या रविवारी ऐन पान सोडायच्या वेळी कबड्डीची एक प्रेसनोट मोबाइलवर येऊन आदळली. शेजारच्या तालुक्यातलं मंडळ, पासष्ट किलो वजनी गट, दोन दिवस प्रकाशझोतात सामने. नोट चांगली ऐसपैस होती. उद्घाटन कोणाच्या हस्ते, प्रमुख उपस्थिती कोणाची, नारळ कोणी वाढवला, मैदानाचं पूजन कोणी केलं, प्रास्ताविक कोणाचं, आभार कोणाचे. मंडपवाल्याचं नाव होतं. जनरेटर देणाऱ्याचं होतं. पंचांच्या चहाची सोय करणाऱ्याचंही होतं. स्पर्धा कोणी जिंकली, तेवढं नव्हतं.

फोन लावला. ‘पोचली का नोट, साहेब?’ म्हणाले. म्हटलं, पोचली, पण जिंकलं कोण? पलीकडून कोणाला तरी हाक ऐकू आली, ‘अरे, फायनल कुणी मारली रे?’ त्यावर दोन वेगवेगळी उत्तरं आली. मग आमचे गृहस्थ परत फोनवर. ‘साहेब, निकाल नंतर पाठवतो. तुम्ही तवर नावं लावून घ्या. आणि ते तिसऱ्या नंबरला हायेत ना, त्यांच्या पुढचं माजी काढा. औंदा परत उभं राहत्यात.’

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. मी चिडत नाही, मी धुमसतो. आणि धुमसून झालं की ते इथे छापतो, कारण क्रीडा पानावर त्याला जागा नसते. तिथे प्रमुख उपस्थिती असते.

त्या नोटेसोबत फोटो होते, तेही सांगितलंच पाहिजे. कबड्डीच्या उद्घाटनाचा फोटो म्हणजे पाहुण्यांची चढाई. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चामडी बूट, बुटाखाली नवी कोरी मॅट. समोर सात पोरं एकमेकांचे हात धरून कोपऱ्यात अशी उभी, की जणू तलाठी घर मोजायला आलाय. पाहुणे मध्यरेषा ओलांडतात, एकेकाच्या खांद्याला प्रेमानं हात लावतात आणि सावकाश परत येतात. सातही गडी बाद, वर लोण. प्रो कबड्डीत भल्याभल्यांना न जमलेली चढाई. आणि दम घुमवायचा म्हणाल, तर परवाच्या फोटोतले पाहुणे चढाई करताना मोबाइलवर बोलत होते. क्रिकेटच्या उद्घाटनाला एवढं सोपं जात नाही. तिथे चेंडू खालून टाकला तरी काहींचा त्रिफळा उडतो आणि मग तो चेंडू नो बॉल होता असा सर्वपक्षीय निर्णय होतो.

क्रीडा पत्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वानखेडेचा प्रेस बॉक्स येतो. लग्नाकार्यात भेटणारे विचारतात, मग काय, रोहित काय म्हणतो? रोहित मला काय म्हणणार? वानखेडेवरचं सगळं वृत्तसंस्थेकडून शिजून येतं, मी फक्त मथळा देतो आणि जागेत बसेल एवढं कापतो. आमचं क्रीडा पान अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात जाहीर नोटिसा आणि दशक्रिया विधी. हे अर्धं पान सांभाळून मला बाजारभाव बघावे लागतात, पालिकेच्या सभेला जावं लागतं आणि वर्धापनदिनाच्या विशेषांकाला जाहिराती आणाव्या लागतात. जाहिरात देणारा आणि स्पर्धा भरवणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. प्रमुख उपस्थितीची नावं मी का कापू शकत नाही, हे आता जाणकारांना उमगलं असेल.

बरं, खेळ कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक मारले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात महिलांच्या क्रिकेट संघानं विश्वचषक जिंकला, त्यातली स्मृती मानधना सांगलीची. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, अविनाश साबळे आष्टीतल्या मांडव्याचा. असली पोरं तालुक्याच्या मैदानावर पळत असतात, तेव्हा तिथे वृत्तसंस्था नसते. असलाच तर माझ्यासारखा एखादा असतो, आणि तोही त्या वेळी पाहुण्यांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून घेत असतो.

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की नावांच्या रोगाची दुसरी तऱ्हा सुरू होते. इथे पाहुणे मागे पडतात आणि पालक पुढे येतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पंचवीसपर्यंत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्हीला लागतं ते प्रमाणपत्र, आणि त्याची पडताळणी होते. पेपरच्या कात्रणाला कोणी विचारत नाही. हे मी पालकांना समजावून थकलो. त्यांचं म्हणणं एकच, असू द्या साहेब, फाइलला लावलेलं बरं. मग मुलीचं नाव, वडिलांचं नाव, शाळा, क्रीडाशिक्षक, मार्गदर्शक, संस्थेचे अध्यक्ष. पळाली चारशे मीटर, तेही दोन ओळींत संपलं. किती सेकंदांत पळाली, असं विचारलं तर क्रीडाशिक्षक म्हणतात, पहिली आली ना, मग सेकंदं कशाला?

सेकंदं कशाला! हे वाक्य फ्रेम करून आमच्या कचेरीत लावावं असं आहे. खालच्या बाजूला संपादकांची सही घ्यावी. त्यांचंही मत फारसं वेगळं नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आता ही मिरवणूक आज निघाली असती तर मला काय नोट आली असती, याची मी मनाशी जुळणी करून पाहतो. पहिल्या परिच्छेदात पहिली गाडी कोणाची, बैल कोणाचे, झूल कोणाच्या सौजन्यानं. दुसऱ्यात हार, फेटे, शुभेच्छा संदेश. तिसऱ्यात मिरवणूक यशस्वी करण्यासाठी परिश्रम घेणारे कार्यकर्ते. आणि शेवटी, या वेळी खाशाबाही उपस्थित होते. वजनी गट विचारायला मी फोन केला असता, तर निकाल नंतर पाठवतो. अर्जुन पुरस्कार त्यांना खरोखरच नंतर पाठवला, जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

पण नावांवर मी उगाच तोंडसुख घेतोय, असं कुस्तीच्या मैदानात गेलं की वाटतं. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की माझा मुक्काम धुरळ्यात. दुपारी ऊन उतरायच्या आत लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या सुरू होतात. त्या कोणी मोजत नाही. मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या, अशी चढत चढत दिवेलागणीला लाखाची जोड. प्रत्येक कुस्तीला लावणारा असतो, म्हणजे बक्षीस देणारा. कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कोणाच्या नातवाच्या बारशानिमित्त. इथे देणाऱ्याचं नाव हा खेळाचाच भाग आहे, कारण त्याच्याशिवाय जोडच लागत नाही. हलगीवाला ठेका बदलतो, पंच हात मिळवायला लावतात आणि निवेदकाचं काम सुरू होतं.

हा निवेदक म्हणजे आमच्या धंद्यातला खरा वस्ताद. त्याच्या हातात कागद असलाच तर वारा घ्यायला. पैलवान कोणत्या तालमीचा, पठ्ठा कोणाचा, आजा कुठे लढला, मागच्या वर्षी याच मातीत काय झालं, सगळं तोंडपाठ. खडाखडी चालली असते, दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते ढकलतायत, त्या रिकाम्या वेळात तो देणाऱ्यांची, पाहुण्यांची, यात्रा कमिटीची नावं घेत राहतो. घाई नाही, गडबड नाही. पण खालच्या पैलवानाची मांड सुटली आणि वरच्यानं घिस्सा भरला, की हा पठ्ठ्या चेअरमन साहेबांचं आडनाव अर्ध्यात सोडतो. अक्षरशः अर्ध्यात. ‘सन्माननीय श्री दत्ताजीराव…’ आणि पुढे थेट ‘भरला, भरला, घिस्सा भरला!’ साहेब व्यासपीठावर हात जोडून अर्धवट उठलेले असतात. ते तसेच खाली बसतात आणि तेही कुस्ती बघायला लागतात. मला एवढ्या अधिकारानं पुढाऱ्याचं आडनाव एकदा तरी कापायला मिळालं पाहिजे.

चितपट झाली की तंटा ठरलेला. हरलेला पैलवान उठून पाठ दाखवत रिंगणभर फिरतो, बघा, पाठ टेकलीच नाही. आता अर्धा तास मातीत लोळलेल्या घामेजल्या पाठीवर काय दिसणार? सगळीकडेच माती. त्याचे गाववाले ओरडतात, समोरचे शिट्ट्या घालतात, पंच दोघांच्यामध्ये. जिंकलेला तोवर गर्दीतून बक्षिसाच्या दहा-वीस-पन्नासच्या नोटा गोळा करत निघालेला असतो. त्याला वादात रस नसतो.

मैदान आटोपायला बरीच रात्र होते. मग मी निवेदकाला गाठतो. घसा बसलेला असतो, तरी तो गाडीच्या बोनेटला टेकून मला यादी सांगतो. कोणी कोणाला, कुठल्या डावावर, किती मिनिटांत. एकचाक, ढाक, समोरून लपेट, पोकळ घिस्सा. एकाच गावचे, एकाच नावाचे दोन पैलवान असले तर कोण थोरला, कोण धाकटा, तेही. त्या यादीत प्रमुख उपस्थिती नसते. ती मी नंतर घालतो, जाहिरात विभागाच्या सांगण्यावरून.

परवा अशाच एका मैदानाची बातमी लागली. सकाळी चहा घेतोय तोवर फोन. ‘पत्रकार साहेब का? आमच्या पुतण्याचं नाव आलंय पेपरात.’ म्हटलं, छान. ‘छान काय? हरलाय त्यो.’ मग काय करू? ‘जिंकलेल्याचं छापा की, त्याला कोण न्हाई म्हणतंय? हरलेल्याचं कशाला? पुढल्या आयतवारी पोराला मुलगीवाले बघायला याय लागल्यात.’ म्हटलं, काका, कुस्ती दोघांची असते, एकट्याचं नाव कसं छापायचं? ‘मग बरोबरीत सोडवली म्हणा.’

पण काका, दोन हजार माणसांनी बघितलंय त्याला चितपट होताना.

‘बघितलंय, पर ती सगळी इकडचीच. मुलगीवाले तिकडं खटावातनं याय लागल्यात. त्यांच्याकडं तुमचा पेपर जातो नव्हं?’