पाहुणचार : पुदिना, लिंबू आणि जिन

दिवाळी अंकात जिनचे नाव काढले, की काही वाचकांच्या भुवया वर जातील. जावोत बापड्या! ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी एकदम शेवटचा परिच्छेद गाठावा. त्यांचाही पेला तेथे भरून ठेवला आहे.

साध्या मद्यार्कात ज्युनिपरची फळे व इतर मसाले घालून तो पुन्हा ऊर्ध्वपातित केला, की जिन होते. ज्युनिपर म्हणजे आपल्या वैद्यांची हपुषा. हिच्या वासात चीडाच्या राळेची आठवण असते, म्हणूनच हिरव्या पाल्याशी जिनचे चांगले जमते. जेरी टॉमस या अमेरिकन बारमनने १८६२ साली पेये मिसळण्याचे पुस्तक काढले. त्यात 'जिन स्मॅश' आहे : जिन, साखर, थोडे पाणी, पुदिना आणि बर्फ. आपण त्यात लिंबूही पिळू. लिंबावाचून पुदिना मराठी जिभेला पटायचा नाही.

साखर थंड मद्यात विरघळत नाही, तळाशी बसून राहते. म्हणून समभाग साखर-पाणी गरम करून पाक करावा. एकतारीसुद्धा नको, साखर विरघळली की उतरवा आणि पूर्ण निवू द्या. आता झाकण घट्ट बसणारी काचेची बरणी घ्या. मुरंब्याची चालेल, लोणच्याची मुळीच नको. तीत पुदिन्याची आठ-दहा पाने आणि २० मिलिलिटर पाक घालून लाकडी रवीच्या दांड्याने पाने नुसती दाबा. चटणी वाटायची नाही! पुदिन्याचा वास पानाच्या पाठीपोटावरच्या इवल्या तेलग्रंथींत असतो. त्या हलक्या दाबानेही फुटतात. जोर केलात तर पानातला कडवट रस उतरतो. मग २० मिलिलिटर कागदी लिंबाचा रस, ४५ मिलिलिटर जिन आणि बरणी निम्मी भरेल इतका बर्फ. झाकण लावून मनात पंधरा अंक मोजेपर्यंत खळखळून हलवा. बर्फ थोडा वितळतो तो हवाच; त्या पाण्यावाचून पेय घशाला बोचते. चहाच्या गाळणीने ताज्या बर्फावर गाळावे आणि वर पुदिन्याचा एक शेंडा तळहातावर थोपटून ठेवावा.

याचेच धाकटे भावंड हँबुर्गचे. तेथील एका बारमध्ये यॉर्ग मायर यांनी २००८ साली पुदिन्याऐवजी बेसिल वापरले. बेसिल म्हणजे आपल्या सब्जाच्याच जातीचे झाड. फालुद्यातले बी ज्याचे, त्याचाच पाला. येथे मात्र नियम उलटा. मूठभर पाने लिंबाच्या रसात चांगली चेचायची, पेय हिरवेगार झाले पाहिजे. ते करून ठेवता येत नाही. थोड्याच वेळात रंग काळवंडतो. अंगणातल्या तुळशीकडे कृपा करून हात नेऊ नका. भावनेचा प्रश्न आहेच, पण तिचा लवंगी वासही सगळ्यांवर कुरघोडी करतो.

या पेयाची खरी गोम अशी, की ते सरबतासारखे लागते. आपल्याकडच्या बहुतेक जिनमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे वरच्या एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क गेला, आणि जिभेला पत्ताही नाही. म्हणून जिन अंदाजाने ओतू नये, मापानेच घालावी, आणि पाहुण्याला दुसऱ्या पेल्याचा आग्रह करू नये. आग्रह जिलबीपुरता राखावा. दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. शिवाय महाराष्ट्रात जिन घ्यायला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण हवीत आणि परवानाही हवा, हे यजमानाने विसरू नये.

आता दुसरा पेला. बरणी, पाने, पाक सगळे तेच. जिनच्या जागी १०० मिलिलिटर गार सोडा, पण तो बरणीत हलवायचा नाही, गाळून झाल्यावर वरून ओतायचा. चिमूटभर काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलीत, तर जिनवालेही याच पेल्याकडे वळतील. दोन्ही पेये दिसायला मात्र जवळजवळ सारखीच. तेव्हा जिनचे पेले बुटके आणि सरबताचे उंच, असे आधीच ठरवून घ्या. दोन्ही ट्रे वेगळ्या टेबलांवर मांडा, आणि बुटक्या पेल्यांचा ट्रे मुलांच्या हाती फिरवायला देऊ नका. गाडी चालवत परतणाऱ्याला उंच पेलाच द्यावा.