फज करणारीचं नाव घ्या

लोणावळ्याहून फज आणणाऱ्या प्रत्येकाला मला एमिलिन हार्ट्रिज सांगायची असते. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार या तेव्हा मुलींच्या असलेल्या कॉलेजातली ही विद्यार्थिनी. १८८६ मध्ये बाल्टिमोरला ४० सेंट पौंडाने विकल्या जाणाऱ्या फजची कृती तिने मिळवली आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी तब्बल ३० पौंड फज केली. साखर, दूध, लोणी, चॉकलेट आटवायचं, निवलं की घोटत राहायचं. दंड भरून येतात. फज केल्याची ही हकीकत हार्ट्रिजने पत्रात लिहिली, म्हणून कळली. पाककृतीच्या पुस्तकांत तिचं नाव छापायलाच हवं.

फजसारखंच आइस्क्रीम संडेचं: तो पहिल्यांदा कुठे झाला यावर गावं भांडतात. विस्कॉन्सिनमधलं टू रिव्हर्स १८८१ सांगतं. माझं मत न्यूयॉर्क राज्यातल्याच इथाकाला: तिथल्या प्लॅट अँड कोल्ट औषधदुकानाची ५ एप्रिल १८९२ ची छापील जाहिरात आहे, ‘चेरी संडे’ची, किंमत १० सेंट.