थांबण्याचं बचत खातं

ब्रेक दाबला की गाडी थांबावी, एवढी साधी अपेक्षा बाळगणारा मी माणूस आहे. बँकेत कारकुनी करून वीस वर्षं झाली. मोठ्या अपेक्षा बाळगायची सवय राहिलेली नाही. पण आमच्या भाच्याच्या मते ही अपेक्षा मागासलेली आहे. ब्रेक कोणत्या तापमानाला धरतो, शर्यतवाले कोणता वापरतात, हे महत्त्वाचं. गाडी थांबते की नाही, हा दुय्यम भाग!

भाचा पुण्याला नोकरीला. पावसाळ्यात 'घरून काम' करायला म्हणून आजोळी, म्हणजे आमच्या नरसीला येतो. घर आमचं, काम त्याचं आणि चहा सौ.चा, अशी कामाची वाटणी असते. मागच्या खेपेला तो मोटरसायकलवरून आला. ही मोटरसायकल वर्षातून एकदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाते. तिथं पैसे भरून दिवसभर गोल गोल फिरायचं आणि सुटलो तिथंच परत यायचं. आमच्या कचेरीत हेच काम वर्षभर चालतं, पण त्याचे पैसे आम्हाला मिळतात.

आल्या आल्या त्यानं मला पुढच्या चाकापाशी बसवलं. "मामा, नवे पॅड टाकलेत. रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींना चालतात!"

'दोन्हींना चालतं' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या घरी एक सोफा-कम-बेड आहे. बसायला गेलं की तो पलंग होतो आणि झोपायला गेलं की सोफा. पण सोफ्यानं दगा दिला तर फार तर पाठ धरते. ब्रेकचं तसं नाही.

तर सांगायची गोष्ट अशी, की ते दिवस परतवारीचे होते. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला नामदेव महाराजांच्या जन्मगावी वारकऱ्यांची रीघ लागते. हिंगोलीकडून येणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. पहाटेपासून भुरभुर पाऊस. मला हिंगोलीला कामावर जायचं होतं, म्हणून भाच्यानं मागं बसवलं. गाडी हळूच होती. तिशीच्या वर काटा नसेल. गावाबाहेर पडतो न पडतो, तोच दिंडीतली एक आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन रस्ता ओलांडू लागली. भाच्यानं ब्रेक दाबला. गाडीनं त्याची नोंद घेतली, पण अंमलबजावणी केली नाही. मग त्यानं सगळ्या पंजानं दाबला. तेव्हा कुठं गाडी थांबली, ती आजीबाईंच्या नऊवारीपासून हातभर अंतरावर.

आजीबाईंनी तुळस सावरली, आमच्याकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "माउली, थांबायचं हुतं का फुडं जायचं हुतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही तसेच मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पॅड पाहिले आणि हसला. "सायब, हे शर्यतीचं सामान हाय. तापल्याबगर उठतच नाही. आन् ह्या पावसात ते तापावं कधी?"

मी बी.कॉम. आहे, मला विज्ञान खातेवहीतून कळतं. ते असं, की साधा पॅड म्हणजे बचत खातं. पहाटे, पावसात, गार असताना, केव्हाही जा, पहिल्या दाबाला रक्कम हातात. शर्यतीचा पॅड म्हणजे मुदत ठेव. व्याज जबरदस्त, पण आधी तापण्याची मुदत भरली पाहिजे. आजीबाई समोर आल्यावर मुदत भरायची वाट कोण बघणार? ताशी ३० किलोमीटरला गाडी एका सेकंदात आठ मीटरच्या वर सरकते. तेवढ्या जागेत एक अख्खी दिंडी मावते, टाळकऱ्यांसकट.

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणाला, "मामा, पण साधा पॅड ट्रॅकवर मरतो." आणि हे खोटं नाही, बरं का वाचकहो! वेग दुप्पट झाला की ब्रेकनं जिरवायची शक्ती चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. ४० वरून थांबणं आणि १२० वरून थांबणं यांत हा नऊपटीचा फरक आहे. ट्रॅकवर तर दर फेरीला हेच पुन्हा पुन्हा. ब्रेकला गार व्हायला उसंत नाही. साधा पॅड अति तापला की त्याची पकड सुटते. वर ब्रेकचं तेल उकळलं, तर त्यात वाफ होते आणि दांडी मुठीला टेकेपर्यंत दाबली तरी चाकाला पत्ता नसतो. 'डॉट ४' जातीचं ताजं तेल निदान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं. पण ते हवेतलं पाणी पितं आणि मग ही हमी १५५ वर येते. थोडक्यात, तेलसुद्धा जुन्या कर्जदारासारखं आहे. वर्षं लोटली की पत घसरते.

म्हणजे भाच्याचं दुखणं खरं, पण औषध चुकलं. पहिलं तेल बदलायचं सोडून त्यानं पॅड बदलले. ट्रॅकवर नवशिक्या असलेल्या माणसाला चांगला रस्त्याचा पॅड, ताजं तेल आणि मधूनमधून एखादी सावकाश फेरी एवढं पुष्कळ होतं. वेग त्याच्या पुढं गेला, तर शर्यतीचा जोड वेगळा घ्यावा, तिथं पोचून बसवावा, चकतीवर नीट बसेपर्यंत हळूहळू दाबून घ्यावा आणि परतीला निघण्याआधी काढून पिशवीत टाकावा. काम अर्ध्या तासाचं. आम्ही देवळात चप्पल काढतो, तसंच हे.

"पण ए.बी.एस. आहे ना!" हा त्याचा शेवटचा पत्ता. अरे, ए.बी.एस. चाक अडकू देत नाही. पॅड धरतच नसेल, तर ते बिचारं सोडवणार काय? खात्यात शिल्लकच नसेल, तर चेकबुक कितीही गुळगुळीत कागदाचं असो!

माझं भांडण भाच्याशी नाही. 'दोन्हींना चालतं' म्हणून विकणाऱ्या जिभेशी आहे. मधला पॅड असतो, नाही असं नाही. पण तो दोन्हीकडं थोडं थोडं कमी देतो. हे कमी कुठं पडतं, ते विकणारा सांगत नाही. काही पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. ई पेक्षा एफ बरा, एफपेक्षा जी. घेणारे सगळे दुसऱ्या अक्षरावर भाळतात. आमच्या रस्त्यावर जीव वाचतो तो पहिल्या अक्षरानं.

आणि हिशेब तर पाहा. वर्षाचे ३६५ दिवस. ट्रॅकचा एक. उरलेले ३६४ दिवस हळदीच्या पोत्यांनी लादलेली ट्रॉली, ढाब्याचं कुत्रं, सायकल शिकणारं पोरगं आणि वारकरी. ट्रॅकवर चुकलात, तर वाळूत जाल. तिथं झेंडा दाखवायला माणूस असतो, रुग्णवाहिका उभी असते. इथं चुकलात, तर समोर जो असतो त्यानं हेल्मेट घातलेलं नसतं आणि त्यानं ट्रॅकचे पैसेही भरलेले नसतात. हौस एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, हे कोणत्या जमाखर्चात बसतं? असं कर्ज मी तरी पुढच्या टेबलावर सरकवणार नाही.

त्याच दुपारी मिस्त्रीनं साधे पॅड बसवले, तेल बदललं. शर्यतीचा जोड भाच्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला, चेन्नईच्या मुहूर्तासाठी. संध्याकाळी आम्ही देवळाकडं गेलो, तेव्हा गर्दी दिसताच गाडी अशी थांबली, की मी भाच्याच्या पाठीवर आदळलो. इतकं सुखाचं आदळणं मला आठवत नाही.

हा लेख वाचून भाचा म्हणाला, "मामा, लिहायला लागलात की तुम्हालाच ब्रेक लागत नाही."

लागतो रे बाबा. फक्त, मलाही आधी थोडं तापावं लागतं.