विश्लेषण : तारप्याच्या रिमिक्सवर अख्खं पालघर नाचतं, पण वाजवणाऱ्याला काय मिळतं?

लग्नाची हळद असो की ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन, बोईसर, पालघर, डहाणू, विक्रमगड या पट्ट्यात डीजेच्या यादीत एक प्रकार हमखास असतो. तो म्हणजे तारप्याचा रिमिक्स. खाली एका मापात पडणारा जड ठोका आणि त्यावर तारप्याचा अखंड, किंचित नाकातून आल्यासारखा सूर. यूट्यूबवर 'तारपा डीजे' असं शोधलं तर असे ट्रॅक मोठ्या संख्येने सापडतात. बहुतेकांच्या शीर्षकात डीजेचं नाव ठळक असतं. तारपा कोणी वाजवला, हे मात्र क्वचितच लिहिलेलं दिसतं.

डीजेची बातमी होते ती सहसा आवाजामुळे. रात्री १० नंतर वाजवला का, डेसिबल किती होते, पोलिसांनी साहित्य जप्त केलं का, इथपर्यंत चर्चा होते आणि थांबते. पण जानेवारी २०२६ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे ज्येष्ठ तारपा वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली आणि तारपा देशभर पोहोचला. म्हणूनच दुसरा प्रश्नही आता विचारायला हवा. ज्या सुरामुळे पालघरचा रिमिक्स इतरांपेक्षा वेगळा ओळखू येतो, त्या सुराचा हिशेब कोणाच्या नावावर लागतो?

तारपा आणि हाऊस म्युझिक यांचं इतकं जुळतं कसं?

तारपा हे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण यांपासून बनवलेलं फुंकून वाजवायचं वाद्य. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांत भाताचं नवं पीक हाती आलं की तारप्यावर नाच होतो. वादक मधे असतो आणि कमरेत हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. वारली चित्रांत दिसणारा गोल फेरा तो हाच.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे वादक तोंडाने फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. दुसरी म्हणजे वादकाने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलंही बदलतात. कोणती चाल किती वेळ ताणायची आणि केव्हा बदलायची, हे तो समोरच्या नाचाकडे पाहून ठरवतो.

आता हाऊस म्युझिककडे पाहू. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'वेअरहाऊस' नावाचा क्लब सुरू झाला. तिथे डीजे फ्रँकी नकल्स डिस्कोच्या तबकड्या एकमेकींना जोडून, त्यातले तुकडे लांबवून रात्रभर संगीत अखंड ठेवायचे. या क्लबच्या नावावरूनच पुढे 'हाऊस' हे नाव रूढ झालं, असं मानलं जातं. हाऊसचा वेग साधारण १२० ते १३० बीपीएम, म्हणजे मिनिटाला तितके ठोके. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर ठोका, वर एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, आणि नाचणाऱ्यांकडे पाहून केलेले बदल.

थोडक्यात, न तुटणारा सूर, गोल फिरणारी चाल आणि गर्दी वाचणारा वादक या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे आहेत. त्यामुळे तारप्याचा तुकडा हाऊसच्या ठोक्यावर ठेवला की तो उपरा वाटत नाही.

आपल्याकडे असा प्रयोग पूर्वीही झाला आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ड्रम मशिन आणि सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठोक्यात बांधले. तेव्हा त्या रेकॉर्डची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत १९८७ साली गाजलेल्या 'ॲसिड हाऊस'शी तिचं साम्य पाहून जगभरचे श्रोते चकित झाले.

बोईसरसारख्या ठिकाणी रिमिक्स कसा तयार होतो?

तारापूर एमआयडीसीमुळे बोईसरमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात अशा अनेक ठिकाणचे कामगार स्थायिक झाले आहेत. किनाऱ्यावर कोळी-मांगेला वस्ती, पूर्वेला आदिवासी पाडे आणि उत्तरेला गुजरातची सीमा. त्यामुळे एकाच मिरवणुकीत कोळीगीत, भोजपुरी गाणं, गरबा, दक्षिण गुजरातकडची टिमली आणि तारपा असं सगळं लागतं. या सगळ्यांना एका वेगात बांधणारा धागा म्हणजे डीजेचा ठोका.

या ठोक्यावर तारपा आणण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. एक, कीबोर्डवर तारप्यासारखा आवाज काढायचा. दोन, गावातल्या नाचाच्या मोबाइल व्हिडिओतून तुकडा उचलायचा. तीन, वादकाला स्टुडिओत बोलावून स्वतंत्र रेकॉर्डिंग करायचं.

कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. प्रत्येक तारपा हाताने बनवलेला असतो, त्याची पट्टी कीबोर्डशी तंतोतंत जुळतेच असं नाही. तो ओढूनताणून पट्टीत बसवला की आवाज गुळगुळीत होतो आणि त्याचा मूळ खरखरीतपणा हरवतो. व्हिडिओतून उचललेल्या तुकड्यात खरा तारपा असतो, पण दर काही सेकंदांनी तोच तुकडा परत येतो आणि चाल बदलण्याची गंमत निघून जाते. चांगल्या रिमिक्समध्ये तारप्याने चाल बदलली की ठोकाही बदलतो. ते साधायला बहुतेकदा वादकच सोबत लागतो.

कायदा काय म्हणतो?

इथे तीन वेगवेगळे हक्क समजून घ्यावे लागतात.

*चाल :* भारतात रचनेवरचा कॉपीराइट रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या तारप्याच्या चालीला असा एकच ज्ञात रचनाकार नसतो. त्यामुळे ती चाल कोणीही वापरू शकतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते मानांकन वस्तूंसाठी असतं. सुराला ते लागू होत नाही.

*रेकॉर्डिंग :* ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो. तो ६० वर्षं टिकतो आणि सहसा रेकॉर्डिंगची जबाबदारी घेणाऱ्याकडे, म्हणजे निर्मात्याकडे असतो.

*वादन :* कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार वादन करणाऱ्यालाही ५० वर्षांचा 'कलाकाराचा हक्क' असतो. या कायद्यातल्या कलाकारांच्या यादीत गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतपटू आणि गारुडीही आहेत. म्हणजे हा हक्क फक्त नावाजलेल्या मंडळींसाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा आणि आपलं नाव दिलं जाण्याचा हक्कही कलाकाराला मिळाला.

आता वरचे तीन मार्ग पुन्हा पाहा. कीबोर्डवर आवाज काढला तर वादक कोणी नाहीच, त्यामुळे देणंही नाही. व्हिडिओतून तुकडा उचलला तर रेकॉर्डिंग करणाऱ्याचा आणि वादकाचा, दोघांचाही हक्क येतो. स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं तर काय ठरलं आणि ते कागदावर आलं का, यावर बरंच अवलंबून असतं.

मग लग्नात वाजवणंही बेकायदा का?

नाही. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे यांत गाणी वाजवायला सूट आहे. हॉटेल किंवा व्यावसायिक ठिकाणच्या लग्नांत ही सूट कुठपर्यंत लागू होते, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. पण ही सूट वाजवण्यापुरती आहे. तोच ट्रॅक यूट्यूबवर टाकून पैसे कमावणं ही वेगळी गोष्ट.

खरी विषमता इथे दिसते. यूट्यूबकडे 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आहे. संगीत कंपन्यांनी आपली रेकॉर्डिंग्ज तिथे आधीच नोंदवलेली असतात. एखाद्या रिमिक्समध्ये हिंदी चित्रपटगीताचा तुकडा असेल तर यंत्रणा तो ओळखते आणि कंपनी त्या व्हिडिओच्या जाहिरातींच्या उत्पन्नावर दावा करू शकते. त्याच ट्रॅकमधला तारपा मात्र कुठेच नोंदलेला नसेल तर यंत्रणेला तो ऐकूच येत नाही. कायद्याने दोघांनाही हक्क दिला, पण पैसे पोहोचतात ते ज्याची नोंद आहे त्याच्याकडे.

जगात असं आधी घडलं आहे का?

होय. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीचं 'स्वीट ललबाय' जगभर गाजलं. त्यातली अंगाई सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायली होती आणि संशोधक ह्यूगो झेम्प यांनी ती सुमारे दोन दशकं आधी रेकॉर्ड केली होती. आपल्या रेकॉर्डिंगच्या अशा वापराला झेम्प यांनी पुढे जाहीर आक्षेप घेतला.

तैवानमधलं प्रकरण आणखी पुढे गेलं. आमिस या आदिवासी समाजातले दिफांग आणि इगाय हे वयस्क दाम्पत्य. त्यांचा आवाज 'एनिग्मा' या जर्मन संगीत प्रकल्पाच्या 'रिटर्न टू इनोसन्स' या गाण्यात त्यांच्या परवानगीशिवाय वापरला गेला. ते गाणं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजलं. दोघांनी अमेरिकेत खटला भरला, १९९९ मध्ये तडजोड झाली आणि त्यांना श्रेय मिळालं. पुढे २००७ मध्ये तैवानने आदिवासींच्या पारंपरिक कलानिर्मितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाच केला. भारतात लोकसंगीतासाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

मग चालींवर कुलूप लावायचं का?

तसं केलं तर नुकसान आदिवासी तरुणांचंच होईल. तारप्याचे रिमिक्स करणाऱ्यांत त्याच पाड्यांतली मुलंही आहेत. ज्या वयात पोरं तारप्याकडे पाठ फिरवतात, त्या वयात हे ट्रॅक त्यांना निदान त्या सुराशी बांधून ठेवतात. चाल सगळ्यांची आहे आणि ती तशीच राहायला हवी. प्रश्न आहे तो एका विशिष्ट माणसाने, विशिष्ट दिवशी केलेल्या वादनाचा. त्याचं मोल ठरवायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. वादकाला बोलावून रेकॉर्डिंग करायचं. मानधन किती आणि पुढच्या उत्पन्नात वाटा किती, हे मराठीत एका पानावर लिहून दोघांनी सही करायची. ट्रॅकच्या शीर्षकात डीजेसोबत वादकाचं आणि गावाचं नाव टाकायचं. ट्रॅक ऑनलाइन चढवताना कलाकारांच्या रकान्यात तेच नाव भरायचं. गायक-वादकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी 'इसामरा' ही संस्था देशात आहे. तिच्यापर्यंत पाड्यातला वादक पोहोचावा यासाठी जिल्ह्यातली महाविद्यालयं आणि आदिवासी संघटना मदत करू शकतात.

यात डीजेचाही फायदा आहे. उचललेल्या तुकड्यावर उद्या कोणीही दावा करू शकतं, पण स्वतः रेकॉर्ड केलेला आणि लेखी परवानगी असलेला तारपा त्याच्या हक्काचा असतो. शिवाय तो दुसऱ्या कोणाच्याही ट्रॅकमध्ये नसतो.

एक काम श्रोत्यांनाही करता येईल. पुढच्या वेळी तारप्याचा रिमिक्स आवडला तर खाली कमेंटमध्ये एवढंच विचारा : 'तारपा कोणी वाजवलाय?' हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर शीर्षकात यायला वेळ लागणार नाही.