शंट असलेल्या मुलाला उलटी झाली तर

बाळाच्या डोक्यात पाणी झालंय, शंट टाकावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : एकदा ऑपरेशन झालं की सुटलो ना? याचं खरं उत्तर आईबापांना आधीच मिळायला हवं. बाळ वाचतं, वाढतं, शाळेतही जातं. पण शंटवर लक्ष ठेवावं लागतं, बहुतेकांना आयुष्यभर.

मेंदूत पाणी सतत तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर. त्याची वाट अडली की ते साचतं आणि मेंदूवर दाब येतो. शंट म्हणजे ते पाणी पोटात सोडणारी बारीक नळी. कानामागून, मानेच्या आणि छातीच्या कातडीखालून ती पोटात जाते. मूल वाढणार म्हणून पोटात थोडी जास्तीची लांबी ठेवतात. आपल्याकडे बऱ्याच मुलांना बसतो तो छाब्रा शंट उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनतो. परदेशी शंटच्या मानाने तो फार स्वस्त, पण म्हणून कमअस्सल समजू नका. युगांडात मुलांमध्ये दोन्हींची तुलना झाली, तेव्हा निकालात फरक दिसला नाही.

मात्र शंट कोणताही असो, तो तुंबू शकतो. लहान मुलांतले साधारण एक तृतीयांश शंट पहिल्या वर्षातच बिघडतात. जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. यात तुमची हयगय नसते आणि बहुतेक वेळा सर्जनची चूकही नसते. पण उशीर झाला तर जिवावर बेततं, आणि उशीर होतो तो उलटीमुळे.

मूल ओकतं, मलूल पडतं. काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल, नजर लागली असेल, असं म्हणत एक दिवस जातो. जवळच्या दवाखान्यात सलाइन लागतं, रात्र निघून जाते. माझी कळकळीची विनंती आहे, शंट असलेल्या मुलाच्या उलटीला आधी शंटचीच उलटी समजा. सोबत डोकेदुखी, चिडचिड किंवा अवेळी झोप असेल, तान्ह्या बाळाची टाळू फुगली असेल, नजर खाली झुकली असेल, तर त्याच दिवशी न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. ताप आला किंवा नळीवरची कातडी लाल झाली, तरी तेच करा. मूल उठवूनही उठत नसेल किंवा झटका आला तर एक तासही थांबू नका. १०८ला फोन करा. शंटची कानामागची घुंडी दाबून तो चालू आहे की नाही, याची घरी खात्री होत नाही.

जाताना डिस्चार्ज कार्ड आणि मूल बरं असतानाचा जुना सीटी स्कॅन न्या. हे फार महत्त्वाचं. नवा स्कॅन एकटा पाहून पुष्कळदा चकवा बसतो, जुन्याशी ताडल्यावरच फरक कळतो. फिल्म गादीखाली वाकतात, म्हणून त्यांचे फोटो आई, बाबा, मामा अशा दोन-तीन मोबाइलवर ठेवा. खर्चाची धास्ती असेल तर सरकारी आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा. पण पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत मुलाला घरी ठेवू नका.

अंगणवाडीताई, वर्गशिक्षिका, गावी सांभाळणारी आजी, सगळ्यांना शंटबद्दल सांगून ठेवा. पुढे कधी अपेंडिक्सचं किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन निघालं, तर त्या डॉक्टरांनाही आधी सांगा, पोटात नळी आहे.